सुई घेण्याआधी तबकड्या मोजा

माळ्यावरची रेकॉर्डची पेटी खाली काढली, प्लेअर पुसून लावला आणि आवाज आला तो चिरका, फाटका. मग कुणीतरी जाणकार सांगतो, सुई गेली. बहुतेक वेळा ती खरोखरच गेलेली असते. पुढचा प्रश्न नवी केवढ्याची घ्यायची हा. त्याचं उत्तर रायपुरात बसून मोबाइलवर शोधायला गेलात तर दोनशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत कुठलाही आकडा समोर येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक घरांना सुई आणि ती ज्यात बसते ते कार्ट्रिज मिळून सहा-सात हजारांच्या वर जायचं कारण नाही. वाचलेले पैसे ती नीट बसवण्यावर आणि तबकड्या धुण्यावर घाला. याला अपवाद आहे आणि तो नेमका शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांचा आहे, त्याकडे पुढे येतो.

पण खरेदीच्या आधी पेटी उघडा आणि आत काय आहे ते मोजा. तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या एखाद्या जुन्या मराठी घरात बालगंधर्वांच्या, हिराबाईंच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या निघतील, सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाच्या एलपी निघतील, पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाची एखादी रेकॉर्ड निघेल. या सगळ्या एकाच सुईवर वाजत नाहीत. एलपीची खाच अगदी बारीक असते. तिच्यासाठी सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास लागते. ७८च्या तबकडीची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींवर टेकतच नाही, तळाशी जाऊन खडखडते आणि गाण्याऐवजी कचऱ्याचा आवाज ऐकवते. उलट केलंत, म्हणजे ७८ची सुई एलपीवर ठेवलीत, तर एलपी कायमची खराब होते.

७८ची तबकडी लाखेची असते. ही लाख म्हणजे आपल्या छत्तीसगडच्या जंगलातली जुनी उपज. कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवर इथे ती पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते. लाखेत दगडाची पूड मिसळून या तबकड्या केल्या जात, म्हणून त्या सुईला झिजवतात. शिवाय लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सुतारकामातल्या पॉलिशमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी रेकॉर्ड साफ करताना मात्र नेमकं तेच विसरलं जातं. सॅनिटायझर, स्पिरिट, आयसोप्रोपिल असलेलं कुठलंही द्रावण ७८च्या तबकडीवर घालू नका. साधं डिस्टिल्ड पाणी आणि मऊ फडकं पुरे. लेबल भिजू देऊ नका.

तेव्हा हिशेब असा: पेटीत चार-पाचच ७८ असतील तर त्यांच्यासाठी वेगळा खर्च करू नका, कुणा संग्राहकाकडून त्यांचं डिजिटल रेकॉर्डिंग करून घ्या. पन्नास असतील तर वेगळी सुई घ्यावीच लागेल. आणि त्याआधी तुमचा प्लेअर ७८ च्या वेगानं फिरतो का ते बघा; आजचे बरेचसे टर्नटेबल फक्त ३३ आणि ४५वरच चालतात.

आता प्लेअर. जुना एचएमव्हीचा फिएस्टा किंवा त्याच्या जातीचा पेटीवजा प्लेअर असेल तर त्यात बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. सुईच्या बाजूला एक छोटी खुंटी असते. ती फिरवली की एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ची. ही सोय इतकी उत्तम होती की आज पुन्हा कुणी का करत नाही असं वाटतं. अडचण क्रिस्टलची आहे. ते रोशेल सॉल्ट नावाच्या क्षारापासून बनवत, आणि हा क्षार दमटपणानं आणि उष्णतेनं मरतो. रायपूरचा मे महिना आणि त्यापाठोपाठ जुलै-ऑगस्ट यांतून चाळीस वर्षं गेलेलं क्रिस्टल जिवंत निघालं तर नशीब समजा. सुई बदलूनही आवाज बारीक आणि नाकातून आल्यासारखा येत असेल, तर सुईवर आणखी पैसे घालू नका, कार्ट्रिजच मेलं आहे. त्याच मापाचं सिरॅमिक कार्ट्रिज ऑनलाइन पाचशे ते दीड हजारात मिळतं, जुना रेडिओ मेकॅनिक ते बसवून देतो. त्या जागी आजचं मॅग्नेटिक कार्ट्रिज लावायच्या फंदात मात्र पडू नका. सिरॅमिकचा सिग्नल मॅग्नेटिकच्या कितीतरी पट मोठा असतो. आतला अँप्लिफायर त्यावर बेतलेला असतो, आर्मही पाच-सहा ग्रॅम भारासाठी केलेला असतो. हल्ली मिळणाऱ्या सूटकेससारख्या प्लेअरलाही हेच लागू. त्यांची लाल प्लॅस्टिकची सुई दोन-चारशे रुपयांत येते. ती बऱ्याचदा नीलमाची असते, हिऱ्याची नाही, आणि नीलमाची सुई पन्नासेक तासांत झिजते. पाकिटावर ‘डायमंड’ लिहिलेलं असेल तीच घ्या, शे-दोनशे जास्त गेले तरी.

दुसरा प्रकार ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारख्या स्वयंचलित प्लेअरचा. बटण दाबलं की आर्म आपोआप जातो. यात कार्ट्रिज बदलता येत नाही, सुईचा भार कारखान्यातूनच ठरलेला असतो. म्हणजे तुमच्यासाठी हा लेख जवळजवळ इथेच संपतो: एटीएन३६००एल नावाची सुई मागवा, दीड-दोन हजार रुपये, जुनी खाली ओढून काढा, नवी ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बसवायला कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

तिसरा प्रकार खरा टर्नटेबल. आर्मच्या टोकाला हेडशेल असतं, त्याला दोन स्क्रूंनी कार्ट्रिज लावतात. या दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच असतं आणि ते जगभर एकच आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं कार्ट्रिज बसतं. इथे निवडीला वाव आहे आणि इथेच लोक गोंधळतात.

मूव्हिंग मॅग्नेट आणि मूव्हिंग कॉइल अशा दोन जाती आहेत. दुसरीच्या वाटेला जाऊ नका. जपानच्या एनएचके रेडिओसाठी साठच्या दशकात बनलेलं डेनॉनचं डीएल-१०३ आजही विकलं जातं आणि त्याचे भक्त जगभर आहेत, हे खरं. पण मूव्हिंग कॉइलचा सिग्नल एक मिलिव्होल्टच्याही खाली असतो, त्याला वेगळा प्री-अँप लागतो आणि सुई झिजली की घरी बदलता येत नाही, अख्खं कार्ट्रिज बाहेरगावी पाठवावं लागतं. मूव्हिंग मॅग्नेटची सुई बोटांनी ओढून काढता येते. कारागीर हाताशी नसलेल्या गावात हा गुण सगळ्यांत मोठा.

भाव सांगतो, पण ते ढोबळ धरा; आयातीचा माल आहे, रुपया हलला की हलतो. सगळ्यांत स्वस्त भरवशाचं म्हणजे ऑडिओ-टेक्निकाचं एटी३६००एल, दोन हजारांच्या आसपास. गोल टोकाची सुई, तीन ग्रॅम भार. जुन्या, खरचटलेल्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर यातही लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याच्या वर याच कंपनीची व्हीएम९५ मालिका. मला ही मालिका ग्राहकाच्या बाजूनं विचार करून केलेली वाटते, कारण अंग एकच आणि सुया सहा. गोल टोकाची ९५सी चार हजारांच्या आसपास, लंबगोल टोकाची ९५ई साडेपाच ते साडेसहा हजार, मायक्रोलीनियर टोकाची ९५एमएल सोळा ते वीस हजार. आज सी घेतलीत आणि दोन वर्षांनी हौस वाढली, तर नुसती सुई बदलायची. स्क्रू खोलायचे नाहीत. ७८ची सुईसुद्धा याच अंगाला बसते. तिचा भार मात्र वेगळा असतो, खोक्यावर बघून लावा. ऑर्टोफॉनचं २एम रेड अकरा ते तेरा हजारांना पडतं. छान आहे, पण ९५ईच्या दुप्पट छान आहे असं मला म्हणवत नाही.

हेडशेलला आधीपासून शूअरचं कार्ट्रिज असेल तर ते फेकू नका. शूअरनं २०१८ साली हा धंदाच बंद केला, त्यामुळे ‘आता काही उपयोग नाही’ असं सांगणारे भेटतील. पण जपानची जिको कंपनी आणि इतरही काही त्याच्या सुया बनवतात. हजार-दीड हजारापासून मिळतात. अंगावर कोरलेला क्रमांक वाचून मागवा.

खरा हिशेब मात्र खरेदीच्या किमतीचा नाही, तासाचा आहे. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांचं आयुष्य असं सांगते: गोल टोक ५०० तास, लंबगोल ३०० तास, मायक्रोलीनियर १००० तास. आता नुसत्या सुईची किंमत घ्या. गोल टोकाची अडीच हजार धरली तर तासाला पाच रुपये पडतात. लंबगोल चार हजारांना, तासाला तेरा. मायक्रोलीनियर चौदा हजारांना, तासाला चौदा. म्हणजे जी सगळ्यांत महाग वाटते ती वापरात मधल्या सुईइतकीच पडते, आणि जी लोक सर्रास घेतात ती लंबगोल काही स्वस्त नाही. रोज एक एलपी, म्हणजे चाळीस मिनिटं, असं ऐकलंत तर लंबगोल सुई सव्वा वर्षात संपते, गोल टोकाची दोन वर्षांनी आणि मायक्रोलीनियर चार वर्षांनी.

मग सगळ्यांनी महागडीच घ्यावी का? नाही, आणि कारण तांत्रिक नाही. ज्या घरात रोज झाडूपोछा होतो, नातवंडं येतात, त्या घरात चौदा हजारांची सुई चार वर्षं धड राहील याची हमी कोण देणार? सुया झिजून मरतात त्याहून जास्त फडक्यात अडकून मरतात. पुसणाऱ्याच्या हाताला काही जाणवतही नाही, सुईची बारीक दांडी केसासारखी वाकते आणि संपलं. प्लेअरचं झाकण खाली ठेवायची सवय नसेल तर गोल टोकाचीच सुई घ्या.

अपवाद म्हटला तो असा. एलपी बाहेरून आत वाजत जाते. आतल्या बाजूला वर्तुळ लहान होतं, तेवढ्याच वेळात सुईखालून कमी लांबीची खाच जाते, आणि तेवढ्या कमी जागेत तितकाच आवाज कोंबलेला असतो. त्यामुळे लेबलजवळ आवाज फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त. सिनेमाच्या रेकॉर्डवर तिथे एखादं सहावं गाणं असतं, फारसं बिघडत नाही. पण ख्यालाच्या रेकॉर्डवर? बाहेरच्या प्रशस्त खाचांवर विलंबित निवांत चाललेलं असतं, आणि द्रुताच्या ताना, तबल्याची लय, गाण्याचा सगळा कळस नेमका त्या चिंचोळ्या आतल्या जागेत येतो. भीमसेन जोशींची तान ऐन शेवटी चरचरली की रेकॉर्ड खराब आहे असं वाटतं. पुष्कळदा रेकॉर्ड ठीक असते, गोल टोकाला तो वळसा पेलत नसतो. पेटीत निम्म्याहून जास्त शास्त्रीय एलपी असतील आणि झाकण लावायची शिस्त असेल, तर मायक्रोलीनियरचे पैसे वसूल होतात. तिचं बारीक टोक भिंतीच्या अशा भागाला टेकतं जिथे आधीच्या जाड सुया पोचलेल्याच नसतात, त्यामुळे जुन्या रेकॉर्डही कधी कधी नव्यानं वाजल्यासारख्या वाटतात. मात्र ती घाणही तितक्याच बारकाईनं ऐकवते.

घाण म्हटलं की रायपूरकरांना वेगळं सांगायला नको. सिलतरा आणि उरल्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर, पायांच्या तळव्यांना रोज दिसते. या धुळीत कोळसा असतो तसं लोखंडही असतं, आणि कार्ट्रिजमध्ये असतं चुंबक. दोन आणि दोन चार. दांडी जिथे अंगात शिरते तिथे काळ्या कणांची दाढी वाढते. ती दिसायला लागेपर्यंत एका बाजूचा आवाज दबलेला असतो. मुंबई-पुण्याच्या माणसानं लिहिलेल्या सल्ल्यात हे तुम्हाला सापडणार नाही. उपाय स्वस्त आहे: झाकण, रेकॉर्ड ठेवण्याआधी कार्बन ब्रशचा एक फेरा, आणि प्रत्येक बाजू संपल्यावर सुईवरून बारीक ब्रश मागून पुढे, कधीही उलट किंवा आडवा नाही. कण घट्ट चिकटले असतील तर सुई काढून घ्या आणि चिकटपट्टीचा छोटा तुकडा अंगाच्या फटीशी हलकेच टेकवून उचला, दांडीला न लागता.

विनाइलची एलपी धुवायला डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात वीस-तीस रुपयांना लिटर मिळतं. त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश गोल गोल, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून सावलीत उभी वाळवा. नळाचं पाणी वापरू नका, वाळलं की त्याचे क्षार खाचेत बसतात. कूलर आणि टर्नटेबल एका भिंतीला ठेवू नका, त्याच कारणानं. आणि मे महिन्याच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत प्लेअर वाजवणं टाळा. दांडी ज्या रबरावर तोललेली असते ते पंचवीस अंशांच्या आसपास नीट काम करतं. चाळिशीच्या खोलीत ते सैलावतं आणि जोडणी कितीही अचूक असली तरी आवाज ढिला पडतो. रात्री ऐका.

आता बसवणं. कुणाला बोलवाल? रायपुरात हे काम रोज करणारा माणूस सापडला तर पाचशे-हजार जरूर द्या. नाही तर स्वतः करा, दोन तासांचं काम आहे. लागतं ते असं: लहान स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, सुईचा भार मोजायचा डिजिटल काटा, प्रोट्रॅक्टरचा कागद आणि चांगला उजेड.

अँप्लिफायर बंद करा. सुई निघणारी असेल तर ती काढून बाजूला ठेवा, मगच अंगाला हात लावा. स्क्रू-ड्रायव्हर पोलादी असतो, कार्ट्रिजचं चुंबक त्याला झटक्यानं ओढतं, आणि तो झटका दांडीवर बसला की पाच हजारांचा धडा मिळतो. हेडशेलच्या चार तारा रंगांनी ओळखा: पांढरी डाव्याची, निळी डाव्याचीच पण ऋण, लाल उजव्याची, हिरवी उजव्याची ऋण. चिमट्यानं टोपीला धरून सरळ आत सरकवा, तारेला ओढू नका. टोपी सैल वाटली तर काढून घ्या, टाचणीवर ठेवून चिमट्यानं हलकी दाबा आणि परत लावा. कार्ट्रिजच्या पिनांवर डाग देऊ नका. आतली तार त्या उष्णतेनं सुटते. मेकॅनिक करतो म्हणाला तरी नाही म्हणा.

स्क्रू सैलच ठेवून सुई परत बसवा. अँटिस्केटिंग, म्हणजे आर्मला आत ओढणाऱ्या जोराला तोलणारी सोय, शून्यावर. सुई तबकडीच्या बाहेर, हवेत राहील अशी काळजी घेत मागचं वजन फिरवत जा. एका क्षणी आर्म ना वर ना खाली, आडवा तरंगेल. तो तरंगला की वजनावरची आकड्यांची चकती तेवढीच शून्यावर आणा, वजन न हलवता. मग वजन आणि चकती एकत्र फिरवून सांगितलेल्या आकड्यावर या. व्हीएम९५ला दोन ग्रॅम, २एम रेडला १.८.

चकतीवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. सहाशे ते हजार रुपयांत ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा येतो. सदर बाजारच्या सराफांच्या भाषेत सांगायचं तर दोन ग्रॅम म्हणजे दोन मासे आणि जेमतेम अर्धी गुंज. एका गुंजेचा फरक चालतो, दोनचा नाही. सराफी खिशातला काटा वापरणार असाल तर दोन गोष्टी बघा. त्याची थाळी पोलादी असेल तर चुंबक तिला ओढेल आणि आकडा खोटा येईल. आणि थाळी उंच असेल तर आर्म वर उचललेल्या स्थितीत वजन होईल. सुई टेकते ती जागा रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या उंचीवरच हवी. रेकॉर्डसाठी मिळणारे काटे यासाठीच बुटके असतात.

हलका भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज डोक्यातून काढून टाका. कमी भारानं सुई खाचेत नाचते आणि भिंतींवर आपटते. रेकॉर्ड खराब होते ती त्यानं. सांगितलेल्या पट्ट्यात वरच्या बाजूला राहा. दुसऱ्या टोकाला, सुई उडते म्हणून हेडवर रुपयाचं नाणं ठेवणारे आहेत. त्या नाण्यानं तीन-चार ग्रॅम वाढतात, म्हणजे दोन ग्रॅमचा भार अडीच ते तीनपट. सुई उडत असेल तर ती घाण आहे, झिजली आहे किंवा रेकॉर्ड वाकली आहे, नाण्यानं यातलं काहीच बरं होत नाही.

प्रोट्रॅक्टर फुकट मिळतो, कंपन्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात छापताना ‘फिट टू पेज’ काढून शंभर टक्के आकारात छापायला सांगा, आणि कागदावरची शंभर मिलिमीटरची रेघ तिथेच पट्टीनं मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी तो कागद फेका. त्यावर दोन बिंदू असतात, नेहमीच्या पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. सुई पहिल्या बिंदूवर टेकवा, कार्ट्रिजच्या कडा खालच्या रेघांना समांतर आहेत का बघा. मग दुसऱ्यावर. एका बिंदूवर जुळलं आणि दुसऱ्यावर नाही, तर कार्ट्रिज हेडशेलच्या खाचांत किंचित पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा दोन्ही बिंदू बघा. हे काम माणसाला चिडवतं. चहा करून घ्या. टेक्निक्सचा एसएल-१२०० असेल तर सोपी वाट आहे: हेडशेलच्या मागच्या वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर मोजा आणि सोडून द्या.

स्क्रू आवळल्यावर भार पुन्हा मोजा, कारण कार्ट्रिज सरकलं की तो बदलतो. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्म बाजूनं रेकॉर्डला समांतर दिसला पाहिजे. समोरून कार्ट्रिज तिरकं नको. रेकॉर्डच्या जागी छोटा आरसा ठेवून प्रतिबिंब पाहिलं की तिरकेपणा लगेच कळतो. शेवटी अँटिस्केटिंग भाराच्याच आकड्यावर. घरघर येत असेल तर टर्नटेबलची अर्थची तार अँप्लिफायरला लावली आहे का बघा. जुन्या घरांत प्लगमधला अर्थ नावापुरता असतो. तिथे आधी इलेक्ट्रिशियन, मग कार्ट्रिज.

तपासणीसाठी वाद्यसंगीत नको, बोलणं लावा. पु. लं.चं कथाकथन असेल तर उत्तमच. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ऐका. ते फुटून शिट्टीसारखे येत असतील तर जोडणीत चूक आहे. दोन्ही स्पीकरमधून येत असेल तर भार किंवा प्रोट्रॅक्टर, एकाच बाजूनं असेल तर अँटिस्केटिंग किंवा तिरकेपणा. ७८ आणि जुन्या मोनो एलपी ऐकताना अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच उतरते.

कार्ट्रिजशिवायचे खर्च लोक विसरतात. अँप्लिफायरला ‘फोनो’ लिहिलेलं छिद्र नसेल तर प्री-अँप लागेल, अडीच-तीन हजार. तार, पिन, अडॅप्टर जयस्तंभ चौकातल्या रवि भवनात मिळून जातील. काटा आठशे, कार्बन ब्रश सहाशे ते हजार, सुईचा ब्रश दोनशे. म्हणजे ९५ई घेणाऱ्याचा एकूण खर्च प्री-अँपसह अकरा हजारांच्या आसपास, त्याशिवाय आठ हजार. सी घेणाऱ्याचे त्यातून दोन हजार वजा.

खरेदीचा मार्ग रायपूरकराला बहुधा ऑनलाइनच. नागपूर किंवा मुंबईला जाणं होणार असेल तर दुकानात पाहून घ्या, पण कार्ट्रिजसाठी खास गीतांजली एक्स्प्रेस पकडून जाऊ नका. भारतातला अधिकृत विक्रेता आणि परदेशातून थेट मागवणं यांत दुसरं स्वस्त दिसतं, पण सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर कंपनीची हाताळणी मिळवली की फरक संपतो आणि वॉरंटीही उरत नाही. बाजारात नकली सुया भरपूर आहेत. चालू भावाच्या निम्म्याला मिळणारी ‘ओरिजिनल’ घेऊ नका. पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा, दांडी सरळ आहे ते सुईला हात लावण्याआधी भिंगातून बघा. सराफाचं दहापटीचं भिंग दांडी आणि घाण बघायला पुरतं. झीज ओळखायला मात्र पुरत नाही, त्याला शंभरपटीच्या वरचं सूक्ष्मदर्शक लागतं. म्हणून ‘भिंगातून बघितली, अजून चांगली आहे’ म्हणणाऱ्याकडून जुनी सुई विकत घेऊ नका, किती तास वाजली ते विचारा.

वाकडी सुई आली आणि विक्रेता हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे नाही मिटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. बिल आणि तो व्हिडिओ जपून ठेवा. झिजलेली किंवा तुमच्या हातून वाकलेली सुई मात्र कुठलीच कंपनी वॉरंटीत धरत नाही.

नव्या सुईचं रबर पहिल्या वीस-तीस तासांत मोकळं होतं, तेवढ्यानंतर भार एकदा परत मोजा. खोक्यावर बसवल्याची तारीख लिहा आणि वाजलेल्या बाजूंच्या रेघा मारत जा. एक बाजू म्हणजे वीस मिनिटं. लंबगोल सुईला नऊशे रेघा, गोल टोकाला दीड हजार.